शब्द फिरविणे आणि मत बदलणे

निवडणूक जवळ आली म्हणजे आमच्या देवळाच्या ओवरीत सायंकाळच्या आरतीनंतर जी मंडळी बसते तिच्या तोंडी एक वाक्य हटकून येते, "त्याने टोपी फिरवली." कोणी पुढारी मागल्या खेपेस एक बोललेला असतो, या खेपेस दुसरे बोलतो, आणि तेवढ्यावर त्याचा निकाल लागतो. या निकालात मीही आजवर उत्साहाने भाग घेत आलो आहे. परंतु थोडा अधिक विचार करता असे वाटू लागले की हा गुन्हा आपण फार लवकर शाबीत करतो. मत बदलणे हा दोष आहे काय? असल्यास तो प्रत्येक वेळी दोषच असतो काय? आणि नसल्यास, ज्या बदलाने आपले मन विटते त्यात नेमके खटकते ते काय? पत्रिकेत राजकारण आणू नये असा संकेत आहे व तो योग्यच आहे. तथापि येथे मला कोणत्याही पक्षाची बाजू घ्यावयाची नाही. माणसाच्या शब्दाविषयी बोलावयाचे आहे, आणि पुढाऱ्यांची उदाहरणे घ्यावयाची ती एवढ्याच कारणाने की त्यांचे शब्द चारचौघांत उच्चारलेले असतात व नोंदलेले राहतात.

हा आरोप केवळ आपल्याच देशात होतो असे नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष होऊ पाहणाऱ्यास दोन निवडणुका लढवाव्या लागतात. प्रथम एकेका राज्यात आपल्याच पक्षाच्या मतदारांकडून उमेदवारी मिळवावयाची. या फेरीस तेथे प्रायमरी म्हणतात. ती पदरात पडली की मग साऱ्या देशापुढे उभे राहावयाचे. पहिल्या फेरीतले मतदार बहुधा पक्षाचे कट्टर अनुयायी असतात. दुसरीत नाना मतांचे लोक येतात. साहजिकच पहिल्या सभेला जे रुचते ते दुसरीला रुचत नाही, आणि उमेदवाराची जीभ वळू लागते. २००४ साली जॉन केरी यांच्यावर असाच गिल्ला झाला. इराक व अफगाणिस्तानातील मोहिमांसाठी ८७ अब्ज डॉलरच्या खर्चाचे विधेयक होते. त्याच्या बाजूने आपण आधी मत दिले आणि मग विरुद्ध दिले, असे ते स्वतःच एका सभेत बोलून गेले. वस्तुतः ती दोन मते एकाच मसुद्यावर नव्हती. पहिल्या मसुद्यात तो पैसा श्रीमंतांची करसवलत कमी करून उभा करावयाचा होता, शेवटच्या मसुद्यात ती तरतूद नव्हती. पण एवढे ऐकून घेण्यास सवड कोणाला? विरोधकांनी सभांतून रबरी चपला नाचविल्या. चालताना फटक् फटक् वाजणाऱ्या त्या चपलेला व उलटसुलट बोलण्याला तेथील भाषेत एकच नाव आहे, फ्लिप-फ्लॉप.

२०१२ सालचे उमेदवार मिट रॉम्नी यांची गोष्ट निराळी. १९९४ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातून सिनेटची निवडणूक लढविताना गर्भपाताचा कायदेशीर हक्क कायम राहावा असे ते म्हणत. पुढे राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा ते त्याच्या उलट बोलत होते. आपले मत प्रामाणिकपणे पालटले असे त्यांचे सांगणे होते. आणि दुसऱ्याच्या अंतःकरणात शिरून पाहण्याचे साधन कोणाजवळ नाही, म्हणून ते मी खोटे म्हणणार नाही. परंतु मार्च २०१२ मध्ये त्यांच्याच एका सल्लागाराने सहज सांगून टाकले की पक्षातली फेरी संपली म्हणजे पुढच्या लढतीत सारे नव्याने सुरू करता येते. त्याने दाखला दिला तो मुलांच्या एका खेळण्याचा. ती एक पाटी असते. तिच्यावर चित्र काढावे आणि हलविली की सगळे पुसले जावे. केरींच्या चपलेपेक्षा मला ही पाटी अधिक भयंकर वाटते. तिच्यात मत बदललेले नसते. आधी मत होते हीच गोष्ट नाहीशी झालेली असते.

आपल्याकडे उमेदवारास पक्षाच्या सामान्य मतदारांपुढे जावे लागत नाही. त्याऐवजी त्याला दिल्लीच्या श्रेष्ठींपुढे जावे लागते. म्हणजे सभा दोन ही अडचण येथेही आहेच. मराठी माणसास याचे सर्वांत ठळक उदाहरण यशवंतराव चव्हाणांच्या आयुष्यात सापडते.

संयुक्त महाराष्ट्राची मागणी चव्हाणांस परकी नव्हती. महाराष्ट्रातील काँग्रेसजन ती मांडीतच होते. परंतु दिल्लीस मुंबई महाराष्ट्रास द्यावयाची नव्हती. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईस फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली. लोकांची मने अशी पेटलेली असताना डिसेंबरात फलटण येथे चव्हाणांनी जाहीर केले की नेहरू की संयुक्त महाराष्ट्र असा प्रश्न पडला तर आपण नेहरूंना निवडू. पुढे काय झाले ते वडीलधाऱ्या वाचकांनी आपल्या घरच्या वृद्धांकडून ऐकले असेल. त्यांना सूर्याजी पिसाळ म्हणण्यात आले. आचार्य अत्र्यांनी तर लेखणी व वाणी या दोन्हींनी त्यांची पाठ सोडली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी गुजरात, विदर्भ व मराठवाडा यांसह द्वैभाषिक मुंबई राज्य झाले आणि चव्हाण त्याचे मुख्यमंत्री झाले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसची धूळधाण केली. खुद्द चव्हाण कऱ्हाडात थोडक्या मतांनी बचावले. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करण्यास नेहरू आले, तेव्हा वाटेत हजारो लोक काळी निशाणे घेऊन उभे होते. त्यानंतर ज्या द्वैभाषिकाचे ते समर्थन करीत होते ते टिकणारे नाही हे याच मुख्यमंत्र्याने दिल्लीच्या गळी उतरविले, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले.

याला टोपी फिरविणे म्हणावे काय? म्हणावयाचे असल्यास मग एकट्या चव्हाणांचे नाव घेऊन भागणार नाही. १९२० साली नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने भाषावार प्रांतांचे तत्त्व मान्य केले होते. १९४९ मध्ये नेहरू, वल्लभभाई व पट्टाभी यांच्या समितीने तेच तत्त्व लांबणीवर टाकण्यास सांगितले. पोट्टी श्रीरामुलूंनी उपोषणात प्राण ठेवला तेव्हा १९५३ मध्ये आंध्र राज्य झाले. मुंबईच्या बाबतीत तर नोव्हेंबर १९५५ मध्ये तीन राज्ये, जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राकडे, ऑगस्टमध्ये द्वैभाषिक, आणि १९६० मध्ये दोन राज्ये, असे चार निर्णय दिल्लीने पाच वर्षांत केले. नेहरूंवर रोष पुष्कळ झाला, पण त्यांना कोणी पिसाळ म्हटले नाही. मोठ्याचे मत बदलले की ते धोरण ठरते. लहान्याने बदलले तर ती फितुरी ठरते. असो.

चव्हाणांच्या त्या पाच वर्षांकडे पाहताना मला एक गोष्ट दिसते, ती सांगतो. अमेरिकेतील तो सल्लागार ज्या सोयीविषयी बोलत होता ती सोय म्हणजे ज्या सभेस जे गोड वाटेल ते तिला ऐकविणे. चव्हाणांनी याच्या उलट केले. मराठी सभेस जे ऐकावयाचे नव्हते ते त्यांनी फलटणला, मराठी मुलखात उभे राहून सांगितले. आणि दिल्लीस जे ऐकावयाचे नव्हते ते पुढे दिल्लीस सांगितले. दोन्ही वेळा कडू शब्द ज्याचा त्याला, समोर. यावर कोणी म्हणेल की फलटणचे भाषण मराठी श्रोत्यांस कडू असले तरी दिल्लीस गोड होते, आणि वर्ष पुरे होण्याच्या आतच बोलणाऱ्यास मुख्यमंत्रिपद मिळाले. हा आक्षेप मला खोडता येत नाही. एवढेच म्हणता येते की त्या शब्दाची किंमतही त्यांनी कऱ्हाडात जवळजवळ मोजली होती. आणि १९५७ नंतर दिल्लीस तेच पुन्हा ऐकवीत बसणे त्यांच्या खुर्चीस अधिक सोयीचे होते.

न बदलणाऱ्या माणसाचा विचारही येथे केला पाहिजे, आणि तो आपल्या जिल्ह्यांतच सापडतो. स्वामी रामानंद तीर्थ १९५२ साली आपल्या गुलबर्ग्यातूनच लोकसभेवर निवडून गेले होते. हैदराबाद संस्थानाचा लढा त्यांनी चालविला, आणि संस्थान विलीन झाल्यानंतर त्याचे भाषेप्रमाणे विभाजन व्हावे हे आपले मत त्यांनी कधी सोडले नाही. नेहरूंस हैदराबादचे तुकडे प्रथम नको होते. स्वामीजी ढळले नाहीत. शेवटी १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांच्या म्हणण्याप्रमाणेच झाले. पण बीदर जिल्ह्यापुरता त्या दिवशी काय प्रकार घडला? उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात उस्मानाबादकडे गेले. जहीराबाद, नारायणखेडचा भाग आंध्र प्रदेशात गेला. बीदर, भालकी, हुमनाबाद व औराद म्हैसूर राज्यात राहिले. ज्या घरातली मुलगी उदगीरला दिलेली होती त्या घराच्या आणि तिच्या सासरच्या मध्ये राज्याची हद्द आली. शाळेची भाषा, कोर्टाचे कागद, नोकरीच्या परीक्षा, सर्वच बदलले. हा स्वामीजींचा दोष होता असे मी म्हणत नाही. तीन भाषांच्या जिल्ह्याचे विभाजन कोणीही केले असते तरी कोठे तरी रेघ पडलीच असती. म्हणणे एवढेच की अढळ राहिलेल्या शब्दाचीही कोणाला तरी किंमत मोजावी लागते. जो बदलला नाही तो आपोआप निर्दोष, असा हिशेब मांडता येत नाही.

याच हद्दीच्या प्रश्नात पुढे राज्यांनीही एकमेकांच्या जागा घेतल्या. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला तो महाराष्ट्राच्या आग्रहावरून. म्हैसूर राज्यास तो नकोसा होता. महाराष्ट्राची मागणी ८१४ गावांची होती, व त्यांत बीदर आणि गुलबर्ग्याचीही गावे होती. ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला. त्यात २६४ गावे महाराष्ट्रास व २४७ गावे म्हैसूरला द्यावी असे होते, आणि आमच्याकडून लोक ज्या अक्कलकोटास दर्शनाला जातात ते अक्कलकोट म्हैसूरच्या पदरात टाकावे अशी शिफारस होती. ज्याने आयोग मागितला त्याने अहवाल नाकारला. ज्याला आयोग नको होता त्याने अहवाल शेवटचा मानला. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. या वादात कोण न्याय्य हे ठरविण्याची ही जागा नव्हे, आणि मंडळाच्या सभासदांत दोन्ही भाषांची घरे आहेत. परंतु प्रत्येक बाजू दुसरीस शब्द फिरविल्याचा दोष देते, आणि आपल्या शब्दाचा वळसा मात्र कोणास दिसत नाही, हे नमूद केल्याशिवाय राहवत नाही.

मग बदल कोणता क्षम्य आणि कोणता नव्हे? प्रवचनांत भीष्मांच्या प्रतिज्ञेचे गुणगान आपण नेहमी ऐकतो. विचित्रवीर्य वारल्यावर ज्या सत्यवतीच्या विवाहासाठी ती प्रतिज्ञा झाली तीच सत्यवती ती मोडण्यास सांगत होती. भीष्मांनी ऐकले नाही, आणि त्या कुळाचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. त्याच युद्धात शस्त्र न धरण्याचे बोललेला श्रीकृष्ण चक्र उचलून याच भीष्मांवर धावला, आणि कथेकऱ्यांनी त्यात त्याचे न्यून मानलेले नाही. तेव्हा शब्द पाळणे हे सर्वश्रेष्ठ खरे, पण सर्वच नव्हे, हे आपल्या परंपरेस पूर्वीपासून ठाऊक आहे. महात्मा गांधींनी १९३३ साली 'हरिजन' पत्रात वाचकांस सांगितले होते की आपल्या दोन लेखांत विसंगती आढळल्यास नंतरचे ग्राह्य धरावे. येथे लक्षात घ्यावे ते हे की गांधीजींनी आधीचे लेख जाळावयास सांगितले नाही. दोन्ही लेख वाचकासमोर राहतातच. कोणता केव्हाचा हे दिसते, आणि माणूस कोठून कोठे आला हेही दिसते.

आमच्या घरी पौरोहित्य असल्यामुळे मला येथे व्रताची उपमा सुचते. संकल्प सोडताना स्थळ व काळ यांचा उच्चार करावा लागतो. अमुक ठिकाणी, अमुक संवत्सरी, अमुक तिथीस मी हे करीन. म्हणजे शब्दाला त्याची जागा आणि वेळ जोडलेली असते. ते व्रत थांबवावयाचे झाले तर मुकाट्याने सोडून देता येत नाही. त्याचे उद्यापन करावे लागते, चार माणसे बोलवावी लागतात, काही खर्च पडतो. मत बदलणाऱ्याने निदान इतके करावे अशी अपेक्षा गैर नाही. पूर्वी मी अमुक ठिकाणी असे म्हणालो होतो, आता म्हणत नाही, आणि या बदलात माझे अमुक गेले किंवा आले, हे त्याने ज्यांच्यासमोर आधीचा शब्द उच्चारला त्यांच्यासमोरच सांगावे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या तीर्थरूपांनी एकदा उत्सवाच्या वेळी, मंडपात पुष्कळ मंडळी जमली असता, विधवेच्या पुनर्विवाहाचे पौरोहित्य आपण करणार नाही असे स्पष्ट सांगितले होते. त्यानंतर तीनेक वर्षांनी, मी दहावीत असताना, गावातल्या एका मुलीचा दुसरा विवाह त्यांनी स्वतः लावला. मुलगी बावीस-तेवीस वर्षांची असेल. पदरी एक मूल होते. दुसऱ्या दिवशी आरतीस जमलेल्या लोकांपुढे ते देवळाच्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "नाही म्हणालो होतो तो मीच. याच पायरीवरून म्हणालो होतो. आज तसे म्हणत नाही." यापेक्षा जास्त ते बोलले नाहीत. का बदललो हे त्यांनी तेव्हा सांगितले नाही आणि पुढेही सांगितले नाही. मीही विचारले नाही. चार-पाच घरांनी त्यानंतर आमच्याकडून कार्ये करविणे बंद केले, त्यांतील दोन अजून परतलेली नाहीत. शाळेत एकाने मला विचारले होते की तुझ्या वडिलांना दक्षिणा किती मिळाली. त्या वेळी मला वडिलांची लाज वाटली होती, हे येथे लिहून ठेवतो.

पुन्हा चव्हाणांकडे येतो, कारण १९६० वर थांबलो तर त्यांच्यावर अन्याय होणार नाही, पण वाचकावर होईल. जुलै १९६९ मध्ये बंगळुरास काँग्रेसच्या संसदीय मंडळाने राष्ट्रपतिपदासाठी नीलम संजीव रेड्डी यांचे नाव बहुमताने ठरविले. पंतप्रधान इंदिरा गांधींना ते नाव नको होते. चव्हाणांचे मत मात्र रेड्डींच्या बाजूस पडले. इंदिरा गांधींनी रेड्डींच्या अर्जावर सही केली, आणि मतदान तोंडाशी आले तेव्हा प्रत्येकाने सदसद्विवेकबुद्धीस स्मरून मत द्यावे असा पवित्रा घेतला. रेड्डी पडले, वराहगिरी वेंकट गिरी राष्ट्रपती झाले. नोव्हेंबरात पक्ष दुभंगला तेव्हा चव्हाण इंदिरा गांधींच्या बाजूस होते. १९७८ च्या फुटीत ते त्यांच्यापासून वेगळे राहिले, १९७९ मध्ये चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान झाले, आणि नंतर पुन्हा इंदिरा गांधींच्याच पक्षात परतले. कुंपणावर बसणारा पुढारी हे बिरुद त्यांना चिकटले ते यामुळे. द्वैभाषिकाच्या प्रश्नात त्यांच्या बदलामागे प्रतापगडच्या वाटेवरचे हजारो लोक होते. बंगळुरानंतरच्या बदलामागे कोण होते हे मला शोधून सापडत नाही. माणूस एकच. तेव्हा हा माणूस टोपी फिरविणारा की नव्हे, असा प्रश्न विचारण्यातच चूक असावी. कोणता शब्द, केव्हा आणि कोणासमोर, असे एकेक विचारावे लागते.

सदसद्विवेकाविषयी मात्र एक शंका मनात राहते. जो विवेक मतदानाच्या वेळी जागा होतो तो सही करताना कोठे असतो?

पक्षांतराच्या विरुद्ध १९८५ पासून कायदा आहे. तो आमदार-खासदारांची जागा काढून घेऊ शकतो, आणि २०१९ साली आपल्या कर्नाटकात सतरा आमदार त्याखाली अपात्रही ठरले. पण पक्ष तोच ठेवून कोणी मत बदलले तर त्याला कोणताही कायदा लागू होत नाही, आणि होऊही नये. नाही तर विधानसभेत चर्चा कशासाठी करावयाची? तेथे हिशेब ठेवावयाचा तो ऐकणाऱ्यांनी.

परवा ओवरीत पुन्हा तोच विषय निघाला. एका उमेदवाराचे नाव घेऊन कोणी म्हणाले की याने टोपी फिरवली. मी विचारले, मागल्या खेपेस हा काय म्हणाला होता? एकाने सांगितले, बॅरेजच्या पाण्याविषयी काही तरी. दुसरा म्हणाला, पाण्याविषयी नव्हे, साखर कारखान्याच्या थकबाकीविषयी. तिसऱ्यास भाषण झाले ते ठिकाणही आठवेना. मागली निवडणूक होऊन पाच वर्षेही झाली नव्हती. मग पुजाऱ्यांनी गाभाऱ्याचे दार ओढून घेतले आणि मंडळी उठली.